मुक्काम पोस्ट पिं

“गिऱ्हाईक चुकलं तर चुकू दे. तू त्याच्या तोंडात शब्द घालू नको,” मुलाणी मॅडम म्हणाल्या, आणि मला नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन एका बाजूनं उचलून धरला.

“मॅडम, आजोबा होते ते. जन्मतारीख आठवत नव्हती त्यांना.”

“मग आठवून परत येतील. तू कशाला सांगितलीस? शाळेत तपासणी आली की पोरांना मागून उत्तरं पुरवणारी एक बाई असते, तशी करतेस तू. पोरं पास होतात. तपासणी कुठं होते?”

शेजारच्या खुर्चीवरची अनघा फिसकन हसली. मीही हसले.

“पण मॅडम, आजोबांना खातं उघडायचं होतं. तारखेसाठी अडवायचं का?”

“त्यांना उघडायचं होतं, हे तुला कुणी सांगितलं?” त्या म्हणाल्या. “त्यांनी?”

मी मान डोलावली, हेडफोन खाली केला आणि पुढचा कॉल घेतला. मुलाणी मॅडम बावीस वर्षं सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत काउंटरवर बसलेल्या, आता इथं आमचे कॉल तपासायच्या. त्यांना सगळ्यांचाच संशय येतो, असं आम्ही जेवणाच्या सुट्टीत म्हणायचो.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका कंपनीत मी कामाला होते. फोनवरून पैसे देणंघेणं करायचं असेल तर या कंपनीत खातं काढावं लागे. माझ्या कामाचं नाव कस्टमर ऑनबोर्डिंग. आईला मी सांगितलं होतं, नवीन गिऱ्हाइकाला दारातून आत घ्यायचं काम आहे. आई म्हणाली, “म्हणजे वॉचमन.” तिचं फारसं चुकलं नव्हतं.

माणूस त्याच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल करी, समोर मी असे. त्यानं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायची, कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं. मग डोळे मिचकवायचे, मान वळवायची आणि शेवटी हसायचं. समोर फोटो धरलेला नाही, जिवंत माणूस बसलाय, हे मशीनला हसण्यावरून कळायचं. एक प्रश्न अगदी शेवटी विचारायचा असे : हे खातं तुम्ही स्वतःच्या मर्जीनं उघडताय ना? माणूस ‘हो’ म्हणाला की हिरवं बटण. सगळं मिळून चार मिनिटं.

लाल बटणही होतं. नाव जुळलं नाही, शेजारी कुणी बोलताना ऐकू आलं, की लाल दाबायचं. पण लाल दाबलं की कारणांची तीन पानं भरावी लागत, आणि त्यात गेलेली दहा मिनिटं आमच्या नावावर लागत. त्यामुळे लाल बटण फारसं कुणी दाबत नसे. तसं करा असं कुणी सांगितलं नव्हतं. बोटांनाच ते कळलं होतं.

मिनू तेव्हा अकरा महिन्यांची होती. तिच्या आजारपणातल्या रजांमुळे माझी नोकरी पक्की व्हायची तारीख एकदा पुढे गेली होती. आमचे मोबाइल बाहेर लॉकरमध्ये असत, आत कागद-पेनसुद्धा नेता येत नसे. पाळणाघरातून काही निरोप आला तर तो टीम लीडर सौरभकडे यायचा. दिवसातून दहा वेळा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि तो हात हलवून ‘काही नाही’ म्हणायचा.

त्या गुरुवारी त्यानं हात हलवला नाही. साडेचारला खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

“ताप आहे म्हणे. एकशे एक. औषध दिलंय. साडेपाचला निघालीस तरी चालेल म्हणाल्या.”

“आत्ता जाऊ?”

“जा की. पण चार कॉल राहिलेत तुझे, आणि या महिन्यात…” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. वाईट मुलगा नव्हता तो.

तीन कॉल भराभर झाले. चौथ्याला पडद्यावर एक बाई आली. माझ्याच वयाची, सत्तावीस-अठ्ठावीसची. गाऊन आणि वरून ओढणी, केस ओले. मागं निळी भिंत आणि आरशाचं लोखंडी कपाट. कॅमेऱ्याच्या बाहेर कुठंतरी लहान मूल रडत होतं. मला माझंच घर दिसल्यासारखं झालं.

“नमस्कार, मी शलाका बोलतेय. आवाज येतोय ना ताई?”

“येतोय.”

“तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“ज्योत्स्ना एकनाथ वाघचौरे.”

माझ्यासमोर तिच्या कार्डावरचं नाव उघडलेलं होतं : ज्योत्स्ना प्रवीण घोलप.

मला हसूच आलं. या नोकरीत लागताना माझ्या डिग्रीवर शलाका सुधाकर निमकर होतं आणि कार्डावर शलाका मंदार खरोटे. एचआरनं मला दोनदा परत पाठवलं होतं. दोन्ही वेळा घरी येऊन मी मंदारवर चिडले होते, जणू त्यानंच माझं नाव लपवून ठेवलं होतं.

“ताई, ते माहेरचं झालं. कार्डावरचं सांगा.”

मूल रडत होतं.

“ज्योत्स्ना एकनाथ वाघचौरे,” ती पुन्हा म्हणाली. एकेक शब्द सुटा करून, हळू.

“नीट सांग गं,” कॅमेऱ्याबाहेरून पुरुषाचा आवाज आला. “मॅडमचा वेळ जातोय.”

इथं लाल दाबायचं असतं. पण त्या आवाजात दरडावणी नव्हती, उलट आर्जवच होतं. दीड खोलीच्या घरात माणसानं जायचं तरी कुठं, असं वाटून मी त्यालाच म्हणाले, “असू दे दादा. आम्हा बायकांना दोन-दोन नावं सांभाळावी लागतात.”

तो हसला. “बघ. मॅडमपण तेच म्हणतात.”

“ताई, परत एकदा सांगा. घाबरू नका.”

“ज्योत्स्ना एकनाथ वाघचौरे,” ती म्हणाली, आणि या वेळी थांबली नाही. “मुक्काम पोस्ट पिं—”

“नाही नाही, पत्ता नको. पत्ता आहे माझ्याकडे. फक्त नाव. ज्योत्स्ना… प्रवीण…” आणि बालवाडीतली बाई गाणं अर्ध्यावर सोडून मुलांकडे बघते तशी मी थांबले.

व्हिडिओ कॉलवर लोक आपल्याकडे बघत नाहीत. कोपऱ्यातल्या स्वतःच्याच चित्राकडे बघतात, केस सारखे करतात. तिनं थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

“घोलप,” ती म्हणाली.

“आता सगळं सलग.”

“ज्योत्स्ना प्रवीण घोलप.”

“शाब्बास,” मी म्हणाले. खरोखर म्हणाले. रेकॉर्डिंगमध्ये आहे.

डोळे मिचकवायला सांगितलं, तर तिनं मिटले ते मिटलेच ठेवले. “उघडा ताई,” मी म्हणाले, तेव्हा उघडले. पुढं हसायचं होतं. ओठ हलवले तिनं, पण मशीन ते धरेना. दोनदा फोटो नाकारला. पडद्याच्या कोपऱ्यात पावणेपाच वाजून गेलेले. माझ्या डोक्यात एकशे एक, एकशे एक चालू होतं.

“बाळ कुठंय तुमचं?” मी म्हणाले. “बाळाकडे बघा. आपोआप हसू येईल.”

तिनं उजवीकडे मान वळवली. रडणं थांबलेलं होतं. जरा वेळ ती तशीच बघत राहिली, मग हसली. मशीननं फोटो घेतला.

“हे खातं तुम्ही स्वतःच्या मर्जीनं उघडताय ना?”

“हो.”

हिरवं.

कॉल बंद करण्याआधी गिऱ्हाइकाशी एखादं चांगलं वाक्य बोलायचं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. मी म्हणाले, “बाळ फार रडत होतं. बरं नाही का? माझीपण तापलीय आज.”

“कुणाजवळ आहे?” तिनं विचारलं.

“पाळणाघरात.”

“तुमच्याजवळ घ्या तिला,” ती म्हणाली. “स्वतःजवळच ठेवा.”

आणि पडदा काळा झाला. माझी मुलगी आहे, हे मी ‘तापलीय’ म्हटल्यावरून तिला कळलं, इतकं लक्ष देऊन ती ऐकत होती. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. त्या दिवशी मी पाच-दहाची बस पकडली.

दीड महिन्यानं मला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. खोलीत किणीकर सर होते, कंपनीत नियम पाळले जातात का ते बघणारे, आणि मुलाणी मॅडम. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र आलं होतं. फोनवर फसवलेल्या माणसांचे पैसे एका खात्यातून फिरवून पुढं पाठवले गेले होते. खातं ज्योत्स्ना प्रवीण घोलप हिचं होतं. खातं गोठवलं होतं, बाईला नोटीस निघाली होती. आत कुणी घेतलं, तर मी.

किणीकर सरांनी रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज ऐकताना मला माझ्या गोडपणाची लाज वाटली. संपल्यावर सरांनी फाईल मिटली.

“स्वच्छ आहे. नाव शेवटी बरोबर आलंय. मर्जी विचारलीय, हो म्हणालीय. मागं एक आवाज आहे, त्यासाठी ताकीद मिळेल. शलाका, तू सुटलीस.”

“आणि ती?”

“ती कोण?”

“ही बाई.”

“ती सापडली की पोलीस बघतील. खातं तिचं आहे ना.” ते उठले. “दोन ओळींचं स्पष्टीकरण दे लिहून. प्रक्रियेप्रमाणे केलं, एवढंच.”

ते गेल्यावर माझ्या खांद्यावरचं ओझं खरंच उतरलं होतं. ते खोटं कशाला सांगू? मी खुर्ची मागे सरकवली. मुलाणी मॅडम बसूनच होत्या.

“बस जरा,” त्या म्हणाल्या. “तू हे पान उघडलं होतंस का?”

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाखाली ‘आधीचे प्रयत्न’ म्हणून एक पान असे. उघडायला वीस सेकंद लागत. ते कुणी उघडत नसे. त्यांनी उघडलं. दोन लाल ओळी. एक त्या गुरुवारच्या अकरा दिवस आधीची, दुसरी चार दिवस आधीची. दोन्हीपुढं एकच कारण : नाव जुळत नाही.

“दोन्ही वेळा हेच नाव सांगितलंय तिनं,” मॅडम म्हणाल्या. “वाघचौरे.”

“विसरत असेल मॅडम. माझंपण सुरुवातीला…”

“किती वर्षं झाली तुझ्या लग्नाला?”

“तीन.”

“पोलिसानं दरडावून विचारलं, नाव काय, तर तुझ्या तोंडून कुठलं निघेल?”

मी विचार केला. “खरोटे.”

“खरोटेच निघणार. बाई घाबरली की सासरचंच येतं. दामटून बसवलेलं असतं ते. माहेरचं नाव चुकून येत नाही, शलाका. ते आणावं लागतं.”

मी पुन्हा त्या दोन लाल ओळींकडे पाहिलं.

“पहिल्यांदा खरंच चुकली असेल, किंवा मुद्दाम, अल्ला जाणे. पण तिला कळलं, की हे नाव सांगितलं की दार बंद होतं आणि कुणाचा मार बसत नाही, कारण चूक मशीनची असते. नाही म्हणायची सोय नव्हती तिथं. म्हणून ती चुकत होती.” त्यांनी रेकॉर्डिंग मागं नेलं आणि जिथं ती हसली तिथं थांबवलं. “कपाटाच्या आरशात बघ. बाळ कुणाजवळ आहे?”

आरशात एका पुरुषाचा हात कोपरापर्यंत दिसत होता. त्या हातात मूल होतं. मुलाच्या तोंडावर त्याचा पंजा होता.

मी तिला तिकडं बघून हस म्हणाले होते.

“माझ्या काउंटरवर अंगठा द्यायला बाई आली,” मुलाणी मॅडम पडद्याकडे बघतच म्हणाल्या, “की मी बरोबरच्या माणसाला सांगायचे, दादा, जरा समोरून झेरॉक्स आणा. तो विचारायचा, कशाची? मी म्हणायचे, कशाची पण. तो परत येईस्तोवर पाच मिनिटं मिळायची. पाच मिनिटांत बाई खूप बोलते. इथं कुणाला कुठं पाठवणार?”

स्पष्टीकरण मी दोन ओळींचं लिहिलं नाही. लिहिलं की बाईनं तीन वेळा वेगळं नाव सांगून खातं उघडायचं टाळलं, कार्डावरचं नाव मी तिच्या तोंडात घातलं, खोलीत तिच्यावर दबाव होता, आरशात पाहावं. किणीकर सरांनी ते उभ्यानंच वाचलं.

“हे लिहिलंस तर तुझ्यावर येतं. आणि कंपनीवरपण.”

“पण तिच्यावरून जाईल ना सर?”

“ते मी कसं सांगू?” ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. “लीगलला पाठवतो. विचार करून उद्या दिलंस तरी चालेल.”

मी त्याच दिवशी दिलं. ते पोलिसांपर्यंत गेलं का, फाईलमध्ये राहिलं, मला आजतागायत ठाऊक नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं की प्रकरण चालू आहे, बोलता येणार नाही. पुढच्या महिन्यात माझी नोकरी पक्की झाली नाही.

पण त्याआधी एक नियम मी मोडला. मुलाणी मॅडम पाणी आणायला बाहेर गेल्या, तेवढ्यात पडद्यावरचा पत्ता आणि फोन नंबर पाठ केला. कागद नव्हताच. लॉकरपर्यंत ते पुटपुटत गेले, मिनूला झोपवताना म्हणायची ओवी पुटपुटावी तसं. पर्समध्ये मिनूचं लसीकरणाचं कार्ड होतं. गोवराच्या रकान्याखाली पत्ता लिहिला, त्याखाली नंबर. मी खोलीतून निघताना मॅडम परत आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास नव्हता. त्या बाहेर कशाला गेल्या होत्या, ते मी विचारलं नाही.

फोन आधी केला. कंपनीच्या दाराबाहेरच्या टपरीवरून, नोंदवलेल्या नंबरवर. पुरुषानं उचलला. “बोला मॅडम,” म्हणाला, मी अजून काही बोललेही नव्हते. मी ठेवला. पुन्हा केला तेव्हा तो नंबर अस्तित्वात नव्हता.

रविवारी मंदारला म्हटलं, चाकणच्या बाजूला जायचंय.

“आपण तिचे कोण?” मंदारनं विचारलं.

“कुणी नाही.”

“मग?”

“तू येतोस का मी रिक्षानं जाऊ?”

मिनूला मध्ये बसवून स्कूटरवरून गेलो. कारखान्यांतल्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांची रांग होती, पत्र्याच्या. घोलपांच्या खोलीला बाहेरून कुलूप नव्हतं, कडी होती. आत काहीच नव्हतं. भिंत निळी होती.

शेजारच्या दारात एक बाई मेथी निवडत बसली होती. तिनं मला, मग मंदारला, मग मिनूला पाहिलं, आणि मिनूला पाहिल्यावर बोलायचं ठरवलं.

“गेले की ते. महिना झाला. रातोरात नाही, चांगले दिवसाढवळ्या टेम्पो भरून गेले.”

“कुठं?”

“आता सांगून जातेत का? तू कोण तिची?”

मी म्हणाले, “मैत्रीण.”

“बरी मैत्रीण. कधी दिसली नाहीस.” तिनं एक काडी टाकली. “त्याचं ते मोबाइलचं होतं कायतरी. लोकांची कार्डं गोळा करायचा. खातं काढून देतो म्हणायचा, घरबसल्या पैसे येतील. माझ्याकडंबी आला होता गोड बोलत. गोड लई होता बोलायला. मी कार्ड काढून ठेवलंबी होतं. तर ही नळावर मला म्हणाली, काकू, कार्ड देऊ नका, कुठं ठेवलं ते विसरले म्हणा.”

“आणि तुम्ही?”

“विसरले म्हटलं,” ती म्हणाली. “माझं काय, म्हातारपणी विसरलेलं खपतं. तिला कुठलं खपतंय.”

“मारायचा का?”

“ऐकू येत नव्हतं तसलं काय. पोरगं मात्र कायम त्याच्याच कडेवर. मी म्हणायची, किती जीव लावतो बघा बाप. ती एकटी दुकानात निघाली तरी पोरगं ह्याच्याकडं. पोरगं घरी म्हणजे बाई घरी येतीच की.” तिचा हात मेथीत थांबला. “आता तू विचारतेस तर वाटतंय.”

“तिचं माहेर कुठलं?”

“माहेर…” ती बराच वेळ आठवत राहिली. “नाय बाई. दोन वर्षं भिंतीला भिंत होती. विचारलंच नाही कधी.”

पोलीस चौकीतही गेलो. बाई होत्या ड्यूटीवर, त्यांनी मिनूसाठी खुर्ची दिली, पाणी दिलं.

“तुम्ही नातेवाईक?”

“नाही.”

“मग बेपत्ता कशावरून? नवऱ्याबरोबर खोली बदलली, एवढंच दिसतंय.”

“तिला मदत हवी होती. तिनं माहेरचं नाव सांगितलं होतं, तीनदा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, हे मी लिहू कसं? माहेरचं नाव सांगितलं, ही काय तक्रार आहे?”

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच समजत नव्हतं कसं लिहायचं, आणि मलाही सांगता येईना. शेवटी एका कोऱ्या कागदावर नाव आणि माझा नंबर लिहून त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. काचेखाली आधीचे बरेच कागद होते.

स्कूटरपाशी आल्यावर मंदार म्हणाला, “माहेर शोधता येईल. वडिलांचं नाव आहे आपल्याकडे.”

आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. मुक्काम पोस्ट पिं. मला अर्धा पत्ता मिळाला होता, तो अर्ध्यावर मीच तोडला होता. ती नुसती चुकत नव्हती. पहिल्या दोन वेळी दार बंद व्हावं म्हणून चुकली, तिसऱ्या वेळी तिला माझा आवाज ओळखीचा वाटला असेल, बाईचा, घाबरू नका म्हणणारा. म्हणून तिनं आपलं गाव सांगायला घेतलं होतं. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं, पत्र पोचेल असं.

तुम्ही नकाशा काढून बघा. महाराष्ट्रात पिंनं सुरू होणारी गावं किती आहेत ते मला पाठ झालंय. पिंपळगावंच प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन. पिंपरी, पिंप्री, पिंपळनेर, पिंपळखुंटा, पिंपरखेड. पुढची दोन वर्षं मी जमेल तशी पत्रं लिहिली, ग्रामपंचायतींच्या नावानं. त्रेपन्न लिहिली. चारांची उत्तरं आली. एका ग्रामसेवकानं कळवलं की या आडनावाचं घर गावात नाही. एकानं विचारलं, हे कोणत्या योजनेचं पत्र आहे. एका गावात एकनाथ वाघचौरे होते, पण त्यांना मुली नव्हत्या, आणि त्यांनी स्वतः, थरथरत्या अक्षरात, सापडली तर कळवा असं लिहिलं होतं. चौथं पत्र माझंच परत आलं होतं, पत्ता अपुरा.

मुलाणी मॅडम मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. ईदला फोन करते मी त्यांना. आम्ही शिरखुर्म्याचं बोलतो, मिनूच्या शाळेचं बोलतो. ठेवता ठेवता त्या विचारतात, “काही कळलं?” मी नाही म्हणते. मग त्या म्हणतात, “बरं, मिनूला जप.”

मिनू आता आठ वर्षांची होईल. तिच्या कपाटात ते लसीकरणाचं कार्ड आहे, गोवराच्या रकान्याखाली पत्ता असलेलं. ती परवा विचारत होती, हे कुणाचं घर? मी म्हटलं, आता कुणाचंच नाही.

म्हणून हे तुम्हाला सांगितलं. तुमचं गाव पिंनं सुरू होत असेल, किंवा सासर, किंवा आजोळ, तर तिथं एकनाथ वाघचौरे कुणी आहेत का बघा. त्यांना ज्योत्स्ना नावाची मुलगी आहे का, ती घरी येते का, शेवटची कधी आली होती. तिचं मूल आता आठ-नऊ वर्षांचं असेल. फोनवर विचारू नका. फोन कुणाच्या हातात असतो ते सांगता येत नाही. जाऊन या. तिच्याजवळ कुणी बसून राहिलं, तर त्याला झेरॉक्स आणायला पाठवा, कशाची पण. मूल त्याच्या कडेवर असेल, तर ते आधी तुमच्याकडे घ्या. मग तिला पूर्ण नाव विचारा, आणि ती सांगेल ते सांगू द्या. मध्ये बोलू नका. पत्त्यापर्यंत सांगू द्या.